रात्री बारा वाजता एक जण अठराचा झाला, बाकीचे सतराचेच होते. आता माझ्या मुलाचं काय होईल?

जुळेसोलापूरची_आई | मंगळवार, रात्री ११.२०

नमस्कार. इथं बऱ्याच वर्षांपासून वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. कायद्याची माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगा.

मुलगा बारावीला आहे, वय १७ वर्षं ४ महिने. त्याच्या वर्गमित्राचा अठरावा वाढदिवस रविवारी होता, म्हणून शनिवारी रात्रीच सगळे जमले. होटगी रोडला पुढे त्या मुलाच्या घरच्यांचं शेत आहे, तिथं दोन खोल्यांचं घर. "बाराला केक कापणार, तिथंच झोपणार, सकाळी येतो," एवढंच आम्हाला सांगितलेलं. पोरं उपाशी राहायला नकोत म्हणून मी शेंगा चटणी आणि भाकऱ्या डब्यात बांधून दिल्या. तो डबा परत आला तेव्हा त्याच्यावरचा रुमालसुद्धा सुटलेला नव्हता.

एकूण नऊ जण. आठ एकाच वर्गातले, नववा वाढदिवसवाल्याचा चुलतभाऊ, बावीस वर्षांचा. व्होडकाच्या दोन बाटल्या त्यानं वाइन शॉपमधून आणल्या. साडेदहाला सुरू झालं. पावणेएकच्या सुमाराला एक मुलगा उलटी करता करता खाली बसला आणि उठेचना. पोरांनी तोंडावर पाणी मारलं, लिंबू पाजायचा प्रयत्न केला. पंचवीस मिनिटं आठही जण एकमेकांकडे बघत राहिले, घरी फोन कुणी करायचा म्हणून. शेवटी १.१० ला माझ्या मुलानं मला केला. "आई, तो डोळे उघडत नाहीये. तू ये. मला ओरड, पण ये."

मी आधी १०८ लावला, मग आम्ही दोघं निघालो. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या दिरांनी मागून खुणावलं, "जेवणातून विषबाधा झाली म्हणून सांग." मी खरं सांगितलं. मुलगा वाचला, दोन दिवसांनी घरी गेला. पण हॉस्पिटलनं पोलिसांना कळवलं आणि काल आम्हाला बोलावणं आलं.

आता सगळे नातेवाईक मलाच बोलतात. तू खासगी डॉक्टर गाठायचा होतास, तू नऊ घरं गोत्यात आणलीस. त्या चुलतभावाची आई माझ्या दारात येऊन रडून गेली.

माझ्या मुलाला कोठडीत ठेवतील का? गुन्हा त्याच्या नावावर कायमचा राहील का? पुढे प्रवेश, पासपोर्ट, नोकरी? आणि मी फोन केला हे चुकलं का?

---

अॅड_सातरस्ता | मंगळवार, रात्री ११.५८

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही चुकलं. तो मुलगा तिथंच गेला असता तर आज दारूबंदीच्या कलमावर नाही, मृत्यूच्या कलमावर बोलावं लागलं असतं. जी आई दारात येऊन रडून गेली, तिच्या मुलालाही तुमच्या फोननं वाचवलंय. तिला ते आज दिसणार नाही.

आता कायदा. मी सोलापुरात वकिली करते, बाल न्याय मंडळासमोर उभी राहते, त्यामुळे जे रोज बघते ते सांगते.

तुमचा मुलगा १८ पूर्ण नाही, म्हणजे बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या भाषेत तो 'बालक' आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, तुरुंगात पाठवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, मुलाशी बोलायचं ते त्यानं, साध्या वेशात, पालकांना कळवून. ताब्यात घेतलंच तर २४ तासांच्या आत मंडळासमोर हजर करावं लागतं. या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात आणि त्यातली एक तरी महिला असते. जामीन हा नियम आहे, नाकारायचा तर मंडळाला कारण लिहावं लागतं.

एरवी मुलानं एकट्यानं केलेल्या साध्या गुन्ह्यात एफआयआर होत नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद घेऊन मुलाच्या घरची पार्श्वभूमी मंडळाला कळवतात. पण गुन्ह्यात मोठी माणसं सामील असतील तर एफआयआर होऊ शकतो, आणि तुमच्या प्रकरणात बावीस वर्षांचा माणूस आहे. म्हणून एफआयआर झाला तर घाबरू नका, त्याचा रोख तुमच्या मुलावर नाही.

कायमच्या नोंदीचं म्हणाल तर कलम २४ वाचा. मंडळानं दोषी धरलं तरी त्या कारणानं मुलाला पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. वयाच्या सतराव्या वर्षाचं ओझं चाळिशीपर्यंत वाहायला लावायचं नाही, हे कायद्यानं ठरवूनच केलंय. अपवाद निर्घृण गुन्ह्यांचा, सोळा वर्षांवरच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालला तर. तुमचा विषय तो नाही.

खरी चिंता त्या चुलतभावाची आहे. सविस्तर उद्या लिहिते, सकाळी तारखा आहेत.

---

नाइटड्यूटी_सिस्टर | बुधवार, पहाटे ४.३५

ड्यूटीवरून लिहितेय, म्हणून थोडक्यात.

ताई, शुद्ध हरपलेल्या माणसाला लिंबूपाणी, मिठाचं पाणी, कॉफी, काहीही पाजायचं नाही. दारूनं गिळण्याची आणि ठसक्याची जाणीव मंदावते, पाजलेलं फुप्फुसात जातं. उताणं झोपवायचं नाही. कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे मोडायचा, तोंड किंचित खाली ठेवायचं, म्हणजे उलटी बाहेर पडते. आणि माणसानं शेजारी बसून श्वास बघायचा. "झोपू दे, सकाळी उतरेल" हे वाक्य आम्ही केसपेपर लिहिताना ऐकतो. प्यायचं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात चढतच असते. लहान वयात साखर एकदम खाली येते, तुमच्या पोरांनी तर काही खाल्लेलंच नव्हतं.

दारू प्यायली हे डॉक्टरला खरं सांगितल्यामुळे उपचार पहिल्या मिनिटापासून योग्य झाले. विषबाधा सांगितली असती तर अर्धा तास भलत्या दिशेला गेला असता.

पोलिसांना कळवणं हे हॉस्पिटलचं काम आहे, ते मेडिको-लीगल केस म्हणून कळवतातच. त्याचा दोष स्वतःवर घेऊ नका.

---

निवृत्त_हवालदार | बुधवार, सकाळी ७.१०

ग्रामीण पोलिसात तेहतीस वर्षं नोकरी केली. हातभट्टीच्या धाडी घातल्या, कॅन फोडले, रसायन ओतलं. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते मॅडम एसपी असताना 'ऑपरेशन परिवर्तन' झालं, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी दारू गाळणाऱ्या घरांना दुसरा धंदा मिळवून द्यायचं काम झालं, तेही बघितलं. तेव्हा तांड्यावरच्या बाया म्हणायच्या, साहेब, दारूचा कायदा फक्त आम्हालाच का? मला उत्तर देता यायचं नाही.

फ्लॅटमधल्या, बंगल्यातल्या माणसाला अजून वाटतं की दारूबंदीचा कायदा म्हणजे हातभट्टी. १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम सगळ्यांना एकच आहे. विनापरवाना बाळगणं आणि पिणं हाच मुळात गुन्हा, मग बाटली पाचशेची असो की पाच हजारांची.

ताई, एक विचारतो, रागावू नका. मुलगा शेतावर गेला कशानं?

---

जुळेसोलापूरची_आई | बुधवार, सकाळी ७.४१

स्कूटरवर, माझ्या. मागे अजून एक मुलगा होता.

काका, मी हा विचारच केला नव्हता.

---

निवृत्त_हवालदार | बुधवार, सकाळी ८.०५

म्हणूनच विचारलं. गाडी तुमच्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. "मला माहीत नव्हतं" किंवा "मी पुरती काळजी घेतली होती" हे सिद्ध करायचं ते मालकानं.

त्या रात्री तो पिऊन परत निघाला असता तर? होटगी रोडला रात्री एकनंतर ऊस-मालाची वाहनं असतात. मी पंचनामे केलेत तिथले. ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतो. जास्त लिहवत नाही.

मुलानं फोन केला, गाडीला हात लावला नाही, ही गोष्ट तुम्ही त्याला बोलून दाखवा. घरात सध्या फक्त रागच चालू असेल.

---

काउंटरवरचा_माणूस | बुधवार, दुपारी ३.३०

मी वाइन शॉपमध्ये काउंटरला काम करतो. दुकान सांगत नाही. या धाग्यावर लिहावं की नाही असा दोनदा विचार केला.

बावीस वर्षांच्या मुलाला व्होडका मिळाली, इथंच पहिली चूक आहे. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की, रम, व्होडका, स्ट्राँग बिअर यांना २५. त्याला ती बाटली द्यायलाच नको होती. शिवाय पिणाऱ्याकडे परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा नाहीतर आजीवन. एक दिवसाचा दुकानातच अगदी किरकोळ पैशांत मिळतो. पण गर्दीच्या वेळी वय कोण विचारतं आणि पावती कोण फाडतं, हे मी रोज बघतो.

आमच्याकडे कशी येतात सांगतो. रस्त्याच्या पलीकडे दोन गाड्या उभ्या राहतात. पाच-सहा पोरं, मोबाईलमध्ये माना घातलेली. त्यातला दाढी आलेला एक जण रस्ता ओलांडून येतो. पैसे दहा-वीसच्या, पन्नासच्या नोटांत, सगळ्यांकडून गोळा केलेले. मोठा माणूस स्वतःसाठी घेतो तेव्हा पाचशेची नोट टाकतो. गोळा केलेल्या नोटा दिसल्या की मला कळतं बाटली कुणासाठी आहे. मी आधार कार्ड मागतो. निम्मे तिथूनच परत फिरतात आणि पुढच्या दुकानात जातात.

मालकाला मी सांगितलंय, दुकानाचा परवाना गेला तर माझी नोकरी जाईल. राज्य उत्पादन शुल्कवाल्यांना अनुज्ञप्ती निलंबित करायचा आणि रद्द करायचाही अधिकार आहे. ज्या दुकानातून ती बाटली गेली त्यांनाही हा प्रश्न विचारला जायला हवा.

---

कडकभाकरी | बुधवार, संध्याकाळी ६.५०

माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहितो. मुलं पिणारच. लपून शेतात पिण्यापेक्षा घरात बापासमोर एक ग्लास बिअर घेतली तर काय बिघडतं? माझा मुलगा सोळाचा आहे. गटारीला मी त्याला अर्धा ग्लास दिला होता. त्याला कळलं, कडू असते, काही विशेष नाही. भीती गेली, उत्सुकता गेली. त्या आठ पोरांच्या बापांनी असं केलं असतं तर पोरं एवढी ढोसली नसती.

---

अॅड_सातरस्ता | बुधवार, रात्री ९.४०

दादा, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण जे तुम्ही लिहिलंय तो बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ चा गुन्हा आहे. जो कुणी बालकाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देईल किंवा द्यायला लावेल, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. आजारात पात्र डॉक्टरनं लिहून दिलं असेल तेवढाच अपवाद. बापाला सूट नाही, घराला सूट नाही, अर्ध्या ग्लासाला सूट नाही. धाग्यावर तुमचं नाव नाही हे बरं आहे. पोस्ट काढून टाकता आली तर काढा.

आता कालचं राहिलेलं.

चुलतभाऊ बावीसचा. बाटल्या आणल्या, पोरांच्या हातात दिल्या. कलम ७७ त्याला थेट लागतं. हे कलम अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हक्कानं मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे या कायद्यातले गुन्हे अदखलपात्र झाले. त्यामुळे हे एकच कलम असेल तर तपासाला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पण सोबत एखादं दखलपात्र कलम असेल तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र म्हणूनच तपासलं जातं. म्हणून त्याच्या घरच्यांनी "अदखलपात्र आहे, काही होत नाही" असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नये. आजच चांगला फौजदारी वकील गाठावा, अटकपूर्व जामिनाचं त्याच्याशी बोलावं. ताई, त्या माउलीला हे तुमच्याकडून कळलं तरी चालेल.

आणि आता वाढदिवसवाला मुलगा. या सगळ्यात मला त्याचीच केस सगळ्यात अवघड वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्यानुसार अठरावा वाढदिवस ज्या दिवशी असतो, त्या दिवसाच्या सुरुवातीलाच माणूस सज्ञान होतो. जन्म दुपारी चारचा असला तरी फरक पडत नाही. म्हणजे शनिवारी रात्री ११.५९ ला तो बालक होता आणि १२.०० ला कायद्यानं मोठा माणूस झाला. बाल न्याय कायद्यात बघतात ते गुन्ह्याच्या वेळचं वय. साडेदहा ते बारा त्यानं मित्रांचे ग्लास भरले असतील तर तो मंडळासमोर जाईल. केक कापल्यानंतर एक जरी ग्लास भरून सतरा वर्षांच्या मित्राच्या हातात दिला असेल, तर त्या ग्लासापुरता तो प्रौढ आहे आणि कलम ७७ त्याच्यासमोरही उभं राहू शकतं. तोच मुलगा, तीच खोली, तीच बाटली.

म्हणून या प्रकरणात केकचा फोटो महत्त्वाचा ठरेल. फोनमध्ये त्याची वेळ असते. त्यात कुणाच्या हातात काय आहे ते बघितलं जाईल. आणि म्हणूनच सगळ्यांना हात जोडून सांगते, कुणीही फोटो, चॅट, व्हिडिओ डिलीट करू नका. पुरावा नष्ट करणं हा आणखी एक गुन्हा, आणि तो आज या प्रकरणात नसलेल्या माणसालाही त्यात ओढतो.

त्याच्या वडिलांनी शेताची किल्ली दिली. केवळ किल्ली दिली म्हणून त्यांना कलम ७७ लावणं कठीण आहे. दारू येणार हे माहीत असताना दिली असेल तर प्रश्न बदलतो.

---

मूळ_सोलापूर_सध्या_पुणे | बुधवार, रात्री १०.१५

वकील मॅडम, पुरावा नष्ट करण्यावरून आठवलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलानं पोर्शे गाडी दोन तरुण इंजिनिअरांच्या दुचाकीवर घातली, दोघंही गेले. मी तेव्हा तिथून दोन किलोमीटरवर राहत होतो. मंडळानं तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला म्हणून देशभर संताप झाला, ते सगळ्यांना आठवतं. पण नंतर आत कोण गेलं ते बघा. मुलाला दारू दिलेल्या ठिकाणचे मालक आणि मॅनेजर, गाडी देणारे वडील, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आई आणि सरकारी रुग्णालयातले डॉक्टर. मुलाला वाचवायला गेलेली मोठी माणसंच अडकत गेली.

ताई, तुमच्या दिरांनी विषबाधा सांगायला सुचवलं तेव्हा तुम्ही खरं बोललात. त्याची किंमत तुम्हाला आत्ता कळत नसेल.

---

एकोणीस_पूर्ण | बुधवार, रात्री ११.०२

मॅडम, मी १९ वर्षांचा आहे. मतदान केलंय, लायसन्स आहे. मी मित्राच्या खोलीवर एक बिअर घेतली तर तो खरंच गुन्हा? आम्हा सगळ्यांना वाटतं अठरा झाले की मोकळे.

---

अॅड_सातरस्ता | बुधवार, रात्री ११.१९

हो, गुन्हा. २१ च्या आत कुठलीच नाही, परवाना मिळतच नाही. आणि तुझी बाजू त्या सतरा वर्षांच्या मुलांपेक्षा कच्ची आहे, बाळा. तुझ्यासाठी बाल न्याय मंडळ नाही, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) नाही, नोंद पुसणारं कलम नाही. तुझं नाव एफआयआरमध्ये मोठ्या माणसासारखं येतं आणि चारित्र्य पडताळणीत दिसतं. खोलीवर सतरा वर्षांचा ज्युनिअर असेल आणि तू त्याला ग्लास दिलास तर तू कलम ७७ मध्ये. पिऊन दुचाकी काढलीस आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. अठरा ते एकवीस या वयातल्या मुलांना हे कुणी सांगतच नाही, कॉलेजही नाही आणि घरही नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कोर्टात सगळ्यात गोंधळलेले चेहरे याच वयाचे दिसतात.

---

विजापूर_रोड | गुरुवार, सकाळी १०.२५

हॉस्पिटलच्या बाहेरचा एक व्हिडिओ आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर आलाय. पोरं रडताना दिसतात, चेहरे स्पष्ट आहेत. एका स्थानिक न्यूज पेजनंही टाकलाय, कॉलेजच्या नावासकट. हीच ती मुलं असावीत.

---

जुळेसोलापूरची_आई | गुरुवार, सकाळी १०.४०

हो. निळ्या शर्टातला माझा. कृपया पुढे पाठवू नका.

---

अॅड_सातरस्ता | गुरुवार, सकाळी १०.५२

कोर्टाच्या आवारातून लिहितेय. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४: अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा-कॉलेज, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा कुठल्याही माध्यमातून पसरवणं गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲप ग्रुपही त्यात आला. ताई, स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि वेळ लिहून ठेवा, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे लेखी द्या. ग्रुप अॅडमिनना माझ्या या पोस्टचा फोटो पाठवा.

---

विजापूर_रोड | गुरुवार, सकाळी ११.३०

अॅडमिनशी बोललो. त्यांनी व्हिडिओ काढला, सगळ्यांना फोनमधूनही काढायला सांगितलं. दोघांनी वाद घातला, "पोरांना लाज वाटू दे" म्हणून. त्यातल्या एकाचा मुलगा दहावीला आहे. मी म्हटलं, दोन वर्षं थांबा. पेजवाल्याला मेसेज टाकलाय, अजून उत्तर नाही.

---

कडकभाकरी | गुरुवार, रात्री ९.१५

काल रात्री वकील मॅडमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, मी त्या दिवशी हेच म्हणत होते, तुम्ही ऐकलं नाही. मुलाला बोलावून सांगितलं की मी चुकलो. तो म्हणाला, पप्पा, मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं की आमच्या घरी चालतं. दोघं मित्र त्यावरून विचारत होते, तुझ्या घरी बसूया का. हे मला माहीतच नव्हतं. मी दाखवायला निघालो होतो की ही काही मोठी गोष्ट नाही, आणि तो वर्गात नेमकं उलटं सांगत होता. पोस्ट काढत नाही, राहू दे. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

---

जुळेसोलापूरची_आई | दहा दिवसांनी, रविवार, दुपारी ४.२०

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. झालं ते लिहिते, पुढे कुणावर वेळ आली तर माहिती असावी.

ठाण्यात बोलावलं तेव्हा एक महिला अधिकारी होत्या, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. मुलाला आमच्यासोबत बसवून विचारलं. आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, घरी फोन करायला पंचवीस मिनिटं का लागली? तो म्हणाला, "प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्यानं करावा. आणि कायद्यात अडकू असं वाटलं." मग खाली बघून म्हणाला, "त्याचे ओठ निळे दिसायला लागले तेव्हा केला." ओठांचं त्यानं मला घरी सांगितलं नव्हतं.

हमीपत्रावर सही करून त्याला आमच्या ताब्यात दिलं. चुलतभावावर गुन्हा दाखल झालाय, त्याला जामीन मिळालाय. मी वकील मॅडमची पोस्ट त्याच्या आईला प्रिंट काढून दिली होती. परवा ती परत आली होती, या वेळी आत येऊन बसली, चहा घेतला. फार बोललो नाही. वाढदिवसवाल्या मुलाचं अजून ठरायचंय. केकच्या फोटोवर १२.०४ ची वेळ आहे आणि त्याच्या हातात सुरी आहे, ग्लास नाही. पण मागच्या फोटोत कोण ओततंय ते नीट दिसत नाही.

मंडळासमोर एकदा जाऊन आलो. मी काळा कोट, कठडा असं काहीतरी डोळ्यासमोर घेऊन गेले होते. साधी खोली होती, टेबल आणि खुर्च्या. परिविक्षा अधिकारी घरी येऊन गेले, सामाजिक तपासणीचा अहवाल करायला. मुलाची खोली बघितली, अभ्यास विचारला, आमच्या दोघांच्या कामाच्या वेळा विचारल्या. संध्याकाळी घरी कोण असतं असं विचारलं तेव्हा यांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. आठला ते येतात, साडेसातला मी. चार वर्षांपासून तो एकटाच असतो. मंडळानं सध्या समुपदेशनाला जायला सांगितलंय, दर शनिवारी, एकदा आम्हालाही सोबत.

विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो हे तिथं गेल्यावर कळलं. जिल्हा न्यायालयातच ऑफिस आहे आणि १५१०० वर फोनही करता येतो. त्या आठ मुलांपैकी एकाचे वडील यंत्रमागावर आहेत, त्यांनी वकिलासाठी व्याजानं पैसे काढले होते. आधी माहीत असतं तर काढू दिले नसते.

स्कूटरची किल्ली आता माझ्या पर्समध्ये असते. तो बसनं जातो. पहिले दोन दिवस तोंड पाडलं, आता जातो.

जो मुलगा आजारी पडला होता त्याच्या घरी आम्ही काल गेलो. त्याच्या आजीनं माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू फोन केलास म्हणून हा बसलाय इथं." तो तिथंच रडायला लागला. तोपर्यंत एकदाही रडला नव्हता.

वकील मॅडम, एक विचारायचं होतं. मंडळाची पुढची तारीख २३ ला आहे, सकाळी ११ ची, आणि त्याच दिवशी त्याची केमिस्ट्रीची प्रात्यक्षिक परीक्षा लागलीय. काय करावं?

---

अॅड_सातरस्ता | रविवार, संध्याकाळी ५.०५

उद्याच अर्ज द्या, तारीख बदलून मागा. सोबत परीक्षेच्या वेळापत्रकाची झेरॉक्स जोडा. परीक्षेसाठी मंडळ सहसा नाही म्हणत नाही. दोन प्रती न्या, एकीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. मात्र कॉलेजला कारण सांगू नका, सांगायची गरज नाही, कलम ७४ तिथंही लागू आहे.

---

जुळेसोलापूरची_आई | रविवार, संध्याकाळी ५.११

उद्या साडेदहालाच जाते.